भादव्यातली पुडी

मूग घरात आला की मला भीती वाटायला लागते. हसा खुशाल. नातसून गच्चीवर जुनी चादर अंथरते, गावाकडून आलेल्या काळ्या शेंगा तिच्यावर पसरते, उन्हानं त्या तडकायला लागतात, आणि त्या बारीक आवाजाबरोबर इकडं मी कठडा धरते. "आजी, ऊन लागलं का? आत बसा," ती म्हणते. मी आत जाऊन बसते. भर जालन्यात, पंख्याखाली, खाली रस्त्यावर रिक्षांची पिरपिर चाललेली, इथं मला कोण काय करणार आहे? पण हे अंगाला कळत नाही. अंगाला भादवा कळतो.

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा भादवा. शेवटचा, असं मी आज म्हणते. तेव्हा आम्हाला तो आमचाच शेवटचा वाटत होता.

मी सतरा वर्षांची. लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. माहेर जुन्या जालन्यात, सासर तीर्थपुरीच्या पलीकडं, मातीच्या सपाट छपरांचं, माळवदांचं गाव. शाळेत सगळं उर्दू, म्हणून वडिलांनी मला घरीच मराठी वाचायला शिकवलं होतं, आणि त्याचा मला कोण गर्व! सासरी कुणालाच अक्षर येत नव्हतं. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आमच्या आत्या मला 'मास्तरीण' म्हणायच्या. "मास्तरीण, भाकर करपून राह्यली, तिला वाच जरा," असं त्यांचं बोलणं. तोंडात साखर म्हणून कधी नाही. सासरे जाऊन बारा वर्षं झालेली, दोन मुलगे एकटीनं वाढवलेले. गोड बोलायला वेळ कुठून काढणार?

माझ्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली एक कादंबरी होती. मावसबहिणीनं दिलेली. वऱ्हाडातून आणताना तिनं वरचं कव्हर आणि पहिली पानं फाडून टाकली होती, कारण मराठी छापील कागद दिसला की नाक्यावर झडती लांबायची. त्यामुळं त्या पुस्तकाचं नाव मला आजतागायत ठाऊक नाही, लिहिणाऱ्याचंही नाही. शेवटचं प्रकरण मात्र तोंडपाठ होतं. त्यातल्या बाईवर गावात आळ येतो. नवऱ्याच्या नावाला बट्टा नको म्हणून ती विष घेते. नवरा तिचं डोकं मांडीवर घेतो आणि मग दोन पानं भरून जे काही बोलतो! तसं बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमचे हे दिवसातून चार वाक्यं बोलत, त्यातली तीन बैलांशी.

तेव्हा प्रेम म्हणजे ते, हे माझं ठरून गेलं होतं. आपण मरावं, आणि त्यानं तसं बोलावं.

भीती कशी येते ते त्या वर्षी समजलं. ती धाडकन येत नाही. घरातली एकेक वस्तू घेऊन जाते. आधी पायातले तोडे गेले. वाजतात म्हणून आत्यांनी ते काढायला लावले आणि गोठ्यात पुरले. मग चुलीचा धूर गेला. उन्हं वर यायच्या आत भाकरी उरकायच्या आणि दिवसभर चूल गार. मग हसणं गेलं. निजामाच्या बाजूचे बंदूकवाले कधी मोटारीतून येत, कधी घोड्यांवरून. शेजारच्या गावात त्यांनी कडब्याच्या गंजी जाळल्या, त्याचा वास वाऱ्यावर दोन दिवस आमच्याकडं येत होता. लेकी-सुना पळवल्याच्या बातम्या रोज नव्या. खऱ्या किती, खोट्या किती, कोण बघायला गेलंय? कुत्रं भुंकलं तरी आमच्या तोंडचं पाणी पळायचं. मी तर तोंड धुवायचंच सोडलं होतं. मळकट दिसलेलं बरं.

अर्धं गाव गाड्या जुंपून निजामाच्या हद्दीपलीकडं, वऱ्हाडात निघून गेलं. आम्हाला जाता येईना. थोरल्या जाऊबाईंचे दिवस भरत आलेले, आणि त्यांचे मालक सरहद्दीवरच्या कँपात, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांत. गाडीच्या हिसक्यांनी वाटेतच काही झालं तर? "आगीतून फुफाट्यात जायचं न्हाई," आत्या म्हणाल्या. "जे व्हायचं ते आपल्या उंबऱ्यात." म्हणजे घरात आत्या, आम्ही दोघी जावा आणि पुरुषमाणूस एकच, आमचे हे.

मागं उरलेल्या माणसांनी ठराव केला. वेशीजवळच्या माळवदावर एक जण बसवायचा. काही दिसलं की त्यानं थाळी वाजवायची, ती ऐकून दुसऱ्या घरानं, मग तिसऱ्या, म्हणजे शेतापर्यंत आवाज जाईल. थाळी वाजली की गडीमाणसांनी गोफणी-काठ्या घेऊन वेशीकडं पळायचं, आणि बायांनी धान्याच्या कणग्यांच्या खोलीत शिरून आतून कडी घालायची. पुढं काय, ते कुणी बोललं नाही.

दुपारी दारं लावून, माळवदातल्या झरोक्याच्या उजेडात आम्ही मुगाच्या शेंगा सोलायला बसायचो. "काहीतरी वाच, मास्तरीण," आत्याच एकदा म्हणाल्या. "थाळी वाजती का, थाळी वाजती का, ऐकून ऐकून कान फुटायची पाळी आली." मग मी ट्रंकेतून पुस्तक काढलं. ऐकायला आत्या, जाऊबाई आणि चांदबी. चांदबी म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या रमजूभाई पिंजाऱ्याची बायको. माझ्याच वयाची. त्यांची आमची भिंत एक, परस एक. ती आपलं सूप घेऊन यायची आणि माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची. तिच्याही जिवाला घोर होताच. बंदूकवाले रमजूभाईला म्हणत, आमच्यात ये. तो जात नव्हता. आणि गावातले आमचे काही लोक तरीसुद्धा त्याच्याकडं वाकड्या नजरेनं बघायला लागले होते.

शेवटचं प्रकरण वाचताना मी दोनदा डोळे पुसले. वर बघितलं तर बाकी तिघींचे डोळे कोरडे ठक्क.

"मांडीवर तरी घेतलं तिला," जाऊबाई म्हणाल्या. "जवळ तरी व्हता. माझं हितं काही झालं तर आमच्या मालकाला सांगावा जायला आठ दिस."

चांदबीचं वेगळंच. "उसकी माँ किधर थी गे?" ती मला विचारायला लागली. "इतकं समदं होईपत्तूर माय कुठं गेल्ती तिची?" चांदबीला स्वतःची आई आठवतसुद्धा नव्हती.

आत्यांचे हात शेंगांतून थांबले नाहीत. "त्यो इतकं ग्वाड बोलून राह्यला, मंग ती जिती असताना काहून न्हाई बोलला? मेल्यावर रडाया समदा गाव येतो. तिच्या हातातून इख हिसकून घेणारा एकबी न्हाई का त्या बुकात?"

मला असा राग आला! अडाणी बायका, यांना काय कळणार प्रेम, असं मनात म्हणत मी पुस्तक मिटलं. सतरा वर्षांची अक्कल ती. आज कळतं की जिला जे मिळालं नव्हतं ते ती त्या पानांत शोधत होती. मला गोड शब्द मिळाला नव्हता, मी गोड शब्दावर भाळले. आत्यांना नवरा गेल्यावर दोन लेकरं घेऊन जगायचं होतं, त्यांनी जगण्याचंच विचारलं.

पोळा झाला, आणि दोन-तीन दिवसांनी हे कुठंसे जाऊन आले. मला कणग्यांच्या खोलीत बोलावलं आणि दिवसाढवळ्या माझा हात धरला. दुसरा हात पुढं केला. हातात कागदाची लहानशी पुडी, तिच्यात एक काळी गोळी.

"पदराला बांधून ठेव," हे म्हणाले. "तशी येळ आली अन् म्या जवळ नसलो... तर त्यांच्या हाताला लागू नको." आणि हे रडायलाच लागले. "तुझ्याबिगर मला कोण हाय? तू गेलीस तर म्या दुसरी करनार न्हाई. आईची आण. जल्माचा एकटा राहीन."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मुठीत विष, आणि तरी आत कुठंतरी आनंद. पुस्तकातल्यासारखं माझ्याशी कुणी बोललं होतं. जाऊबाईंचा नवरा जवळ नाही, त्यांना पुडी नाही. मला आहे, याची घमेंडसुद्धा वाटली. इतकी मी खुळी.

मग मात्र भीती दुप्पट झाली. आधी एकच होती, ते येतील का. आता दुसरी, आपल्याला जमेल का. चालताना ती गाठ पोटाला लागायची. भाकरी थापताना लागायची. गाठ वेळेवर सुटली नाही तर? मी गोठ्यात जाऊन सोडायची-बांधायची सवय करू लागले. एकदा सुटता सुटेना तर घाम फुटला. गाय माझ्याकडं बघत रवंथ करत होती.

आत्यांनी ती गाठ पाहिली असणार. तेव्हापासून त्या माझी पाठ सोडेनात. आडावर गेले तर मागं, परसात गेले तर मागं. न्हाणीत असले तर दाराशी बसून, "झालं का गं? किती येळ?" सोडलेलं लुगडंसुद्धा त्यांच्याच हाती. मला वाटायचं, ही बाई मला सुखानं मरूही देणार नाही.

आणि अशात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. घरात आणायच्या त्या थाळी वाजवतच. मुखवटे सुपात, दारापासून कुंकवाची पावलं, पुढं एक जण थाळीवर पळी मारतेय, आणि सगळ्या जणी विचारतायत, महालक्ष्मी कशाच्या पावलांनी आली? त्या वर्षी गावानं सांगितलं होतं, थाळी वाजवायची नाही, मुक्यानं आणा. दुपार कलल्यावर आत्यांनी सूप उचललं, मी वाकून पावलं काढत गेले, जाऊबाई भिंत धरून उभ्या. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. चोरून आणल्यासारखी देवी घरात आली. मला फार वाईट वाटलं.

मुखवट्याखाली धड उभं करतात, त्या महालक्ष्मीच्या पोटात भरायला गहू हवे होते. ते काढायला मी कणग्यांच्या खोलीत गेले, आणि थाळी वाजली.

ठण्‌ ठण्‌ ठण्‌. वरच्या आळीतून. मग दुसरी, मग तिसरी, मग वेशीकडून, मग सगळीकडून. बघता बघता गावच वाजायला लागलं. बाहेर पळणारी पावलं, बायांच्या किंकाळ्या, कुणाचं तरी लेकरू. मी कडी घातली. आत्या बाहेर, जाऊबाई बाहेर, हे शेतात. दाराजवळ कुणीतरी धावत आलं आणि माझा सगळा धीर सुटला. गाठ चटकन सुटली. सवय केली होती ना! गोळी तोंडात टाकली. कडू, तुरट, जीभ आत ओढणारी. गिळली.

मग मी आडवी झाले. पुस्तकातल्या बाईसारखे लुगड्याचे काठ नीट केले, डोळे मिटले. आता ह्यांची आठवण काढायची होती. ती येईना! प्रेमाचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. मला पाणी हवं होतं. मला आई हवी होती. उद्याची सकाळ हवी होती, चूल, करपलेली भाकर, काहीही. आणि ह्यांचा असा राग आला, असा राग आला! माझ्या जवळ यायचं सोडून मला पुडी दिली ह्यांनी. दुसरी करणार नाही म्हणे! मी अंधारात पडल्या पडल्या हमसून रडले.

बाहेरचा गलका बदलला. कुणी शिव्या देत होतं, मग कुणी हसलं. वरच्या आळीत एक फार म्हातारी होती. पन्नास-साठ वर्षं तिनं जशी महालक्ष्मी आणली तशीच त्या वर्षीही आणली, थाळी वाजवत. शेजाऱ्यांना वाटलं इशारा झाला, त्यांनी आपली वाजवली, आणि पुढं सगळं गाव. बस्स, एवढंच झालं होतं.

"मास्तरीण, कडी काढ," आत्यांचा आवाज. "काई न्हाई, म्हातारीनं देवी आणली."

मी कडी काढली. "आत्या, मी खाल्ली," एवढंच बोलले.

आत्यांनी चौकट धरली. मग माझ्या थोबाडीत अशी ठेवून दिली की मी कणगीवर आदळले. आणि त्या खाली बसल्या आणि थरथर कापायला लागल्या. बंदूकवाले वेशीवरून गेले तेव्हा न डगमगलेली ती बाई! "हिरडा खाल्लास तू, भवाने," त्या म्हणाल्या. "हिरडा अन् काळा गूळ. खरी म्या कवाच चुलीत घातली. तू न्हात व्हतीस तवा बदलल्ती. इतके दिस मला बंदूकवाल्यांचं भ्या न्हाई वाटलं तेवढं तुझं वाटून राह्यलं. ही आडात उडी टाकंल का, आणखी काही करंल का... अगं, सतरा वर्साचं लेकरू तू!"

बाहेर ह्यांची हाक आली. आत्यांनी डोळे पुसले. "पडून राहा. तोंडातून अक्षर काढू नको," मला म्हणाल्या, आणि हे दारात येताच सरळ सांगितलं, "हिनं खाल्ली तुझी पुडी."

आता माझं डोकं मांडीवर येणार! कशाचं काय. हे माझ्यावर झेपावले, केसांना धरून मला बसवलं, जबडा फाकवला आणि दोन बोटं थेट घशात. "ओक! ओक म्हनतो ना! आई, मिठाचं पानी, जल्दी! ओक गं!" मी दात रोवले, ह्यांच्या बोटातून रक्त आलं, तरी हे सोडेनात. डोळ्यांतून, नाकातून धारा, मी गुदमरतेय, हे ओरडतायत. एक गोड शब्द नाही. त्या पुस्तकात कुणी त्या बाईच्या घशात बोटं घातली नव्हती.

आत्या उभ्या राहून बघत होत्या. माझं पोट रिकामं झालं तेव्हा म्हणाल्या, "आता कळलं का तुला, तिला काय दिल्तं त्वा?" मग खरं सांगितलं. हे कणगीला टेकून बसून राहिले. रोजची चार वाक्यंही त्या दिवशी बोलले नाहीत. पोटात उरलेल्या हिरड्यानं आपलं काम केलंच. अंधार पडेपर्यंत मी तांब्या घेऊन परसात पळतेय, आणि जाऊबाई पोट धरून हसतायत. कितीक दिवसांनी आमच्या घरात कुणी हसलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांतच सगळं पालटलं. सरहद्दीपलीकडून फौज आली, बंदूकवाले पसार झाले, निजामाचं राज्य गेलं. गावानं गूळ वाटला, थाळ्या मनसोक्त बडवल्या, मीही बडवली. पायात तोडे आले, तोंड धुतलं. जाऊबाई सुखरूप मोकळ्या झाल्या, मुलगी झाली.

आणि भीती? ती गावातून गेली नाही. आमच्या परसदारातून निघाली आणि पलीकडच्या घरात शिरली. बाहेरगावच्या टोळ्या फिरायला लागल्या, त्यांत आमच्या गावचेही होते. मुसलमानांची घरं दाखवायला माणसं लागतातच ना. आमच्यावर जे गुदरलं त्याचं उट्टं, असं म्हणायचे. ज्यानं कुणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं त्याच्यावर काढलेलं उट्टं. चांदबी यायची बंद झाली. लाज वाटते सांगायला, पण दोन दिवस माझ्या ते ध्यानातही आलं नाही. मी सुटले होते ना, मला आपल्याच सुटण्याचं कौतुक.

तिसऱ्या दुपारी मूग पाखडता पाखडता आत्यांनी सूप खाली ठेवलं. "रमजूची पिंजण वाजून न्हाई राह्यली," त्या म्हणाल्या. "चांदबी कुणाला दिसली का?" त्यांनी मुलाकडं बघितलं. हे उठले. दोघं परसातून निघाले, मागोमाग मी.

आमचे हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. संसार आमचा पंचेचाळीस वर्षांचा. वाईट नव्हता. पण त्या पुडीबद्दल हे माझ्याशी कधी एक अवाक्षर बोलले नाहीत. मी वाट बघायची. आजारपणात, लेकीच्या लग्नात, वाटायचं, आता बोलतील. नाहीच. एकदा बोलले ते बोलले, त्या दुपारी, आणि तेही माझ्याशी नाही.

रमजूभाई उंबऱ्यात काठी घेऊन बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. मागं कापसाच्या ढिगाजवळ चांदबी. ती माझ्याकडं बघत होती पण मी तिला दिसत नव्हते. पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलेलं.

"रमजू," आत्या म्हणाल्या, "पोरीला काय दिलंस?"

"कुछ नहीं, मावशी."

"म्या इचारून राह्यले. काय दिलंस?"

त्यानं काठी आडवी धरली. आत्यांनी आणखी काही म्हणायच्या आधी हे पुढं झाले. उंबऱ्यापाशी त्याच्या शेजारी बसले आणि हात पुढं केला.

"घे परत तिच्याकडून," हे म्हणाले. "म्याबी दिल्ती, भाऊ."

रमजूभाईनं ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. काठी त्यानं भिंतीला टेकवली. मग तो उठला, आत गेला, आणि चांदबीची मूठ सोडवायला लागला.